संगणकावरच्या चौदा मिनिटांच्या चाचणीतून मुलाचा उतावळेपणा कितपत कळतो?

आपण विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपला मुलगा नुकताच आठ वर्षांचा झाला असून मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उत्तर ठोकून देणे, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेणे आणि सारखे जागेवरून उठणे या वर्गशिक्षिकेच्या तक्रारी आहेत. शाळेच्या सांगण्यावरून आपण एका केंद्रात त्याची लक्षाची संगणकीय चाचणी करून घेतली. तिच्या अहवालात 'कमिशन एरर' (नको तेव्हा कळ दाबण्याची चूक) या सदरात टी-गुण (समवयस्कांच्या तुलनेत काढलेला गुण) ६८ आला, बाकीचे बहुतेक आकडे सर्वसाधारण आले आणि तळाशी 'एडीएचडीची' (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराची) 'दाट शक्यता' असा शेरा मिळाला. घरी मात्र हाच मुलगा बुद्धिबळाच्या पटावर तासभर बसतो. हा शेरा खरा मानावा का, आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात आणि औषधाचा विचार आताच करावा का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. या एका अहवालावरून एडीएचडी आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. तरीही तो अहवाल फेकून देण्यासारखा नाही. मुलाने किती चुका केल्या हे त्यात ठळक छापलेले असते. त्या चुका कोणत्या क्षणी, कोणत्या वेगाने आणि कशा प्रकारे झाल्या हे आतल्या पानांवर असते, आणि उपयोगी माहिती तिथेच असते.

आपण केलेल्या वर्णनावरून ही कॉनर्स यांची 'कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट' असावी. या प्रकारच्या चाचण्यांचे मूळ मुलांमध्ये नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसणाऱ्या सैनिकांचे लक्ष केव्हा ढळते, हे शोधण्यासाठी ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळाच्या काट्याची एक कंटाळवाणी चाचणी तयार केली होती आणि तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले होते. पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची सतर्कता घसरते, असे त्यांना आढळले. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत रॉसवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मेंदूला इजा झालेल्या व्यक्तींचा अभ्यास करताना, एकामागून एक येणाऱ्या अक्षरांवर कळ दाबण्याची पद्धत वापरली. आज आठ वर्षांच्या मुलांना दिली जाणारी चाचणी तिच्याच वंशातली आहे. कंटाळा आणणे हा तिच्यातला दोष नसून तिचे साधनच तो आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

कॉनर्स यांच्या चाचणीत पडद्यावर ३६० अक्षरे एकेक करून येतात आणि त्यांच्यामध्ये कधी १, कधी २, तर कधी ४ सेकंदांचे अंतर असते. प्रत्येक अक्षराला कळ दाबायची, फक्त 'एक्स' आला की हात आवरायचा, एवढाच नियम असतो. कळ दाबायला हवी असताना दाबली नाही तर ती 'ओमिशन' म्हणजे सुटलेली चूक, आणि 'एक्स'वर दाबली गेली तर ती 'कमिशन' म्हणजे न आवरलेल्या हाताची चूक. त्याखेरीज प्रत्येक प्रतिसादाला लागलेला वेळ मोजला जातो आणि संपूर्ण चाचणीचे सहा भाग पाडून प्रत्येक भागात काय झाले तेही नोंदवले जाते. ही आवृत्ती आठ वर्षांपासून पुढच्यांसाठी आहे. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची वेगळी, छोटी आवृत्ती असते. आपला मुलगा या वयोमर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर आहे. म्हणून त्याची जन्मतारीख संगणकात बरोबर भरली होती का, हे आधी पाहून घ्यावे. वय चुकीचे भरले तर तुलनेचा गट बदलू शकतो आणि गुणही बदलू शकतात.

टी-गुणांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० धरलेले असते. त्यामुळे ६८ हा गुण त्याच्या वयाच्या शंभरातल्या साधारण तीन-चार मुलांनाच मिळेल इतका वर आहे, तो निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. पण अहवालात असे एकूण नऊ आकडे असतात आणि ६० च्या वर गेलेला आकडा वाढलेला मानला जातो. कोणत्याही एका मापावर शंभरातली सुमारे सोळा निरोगी मुले ६० च्या वर असतातच. नऊ मापे एकत्र घेतली की, ज्याला कसलाही त्रास नाही अशा मुलाच्याही अहवालात एखादा वाढलेला आकडा दिसणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून सुटा आकडा पाहून शेरा लिहिण्याची पद्धत मला मान्य नाही.

आता ६८ कडे. हा आकडा निदान तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो. पहिल्या वाटेने जाणारे मूल अतिशय वेगाने कळ दाबते, त्याच्या प्रतिसादाचा सरासरी वेळ समवयस्कांपेक्षा बराच कमी असतो, अक्षर नीट दिसण्याआधीच बोट खाली गेलेले असते आणि क्वचित अक्षर आल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आतच कळ दाबल्याच्या नोंदी सापडतात. इतक्या कमी वेळात अक्षर ओळखणे माणसाला शक्यच नाही, म्हणजे ते दाबणे अंदाजाचे असते. हा खरा उतावळेपणा असू शकतो. मात्र सूचनेत 'शक्य तितक्या लवकर' असे सांगितलेले असते, आणि पहिला नंबर येण्याचा ध्यास असलेले मूल ते शब्द फारच मनावर घेते, हेही मी अनेकदा पाहिले आहे. दुसऱ्या वाटेने जाणारे मूल सावकाश असते, त्याचे वेळ कमालीचे वरखाली होतात, ओमिशनही वाढलेले असतात. इथे हात आवरला जात नाही असे नसून मनच मधूनमधून पडद्यावरून उठून जाते. तिसऱ्या वाटेवरच्या मुलाच्या चुका बहुतांशी पहिल्या एक-दोन भागांत गोळा झालेल्या असतात आणि नंतर तो सावरतो. त्याला नियम अंगवळणी पडायला वेळ लागला, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या बाबतीत या तिसऱ्या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तिसरीतल्या मुलाला रोमन अक्षरे येतात हे खरे, पण देवनागरी जितक्या सहज डोळ्यांत भरते तितक्या सहज ती भरतात का, हे दर मुलागणिक वेगळे असते. ज्याला अक्षर ओळखायलाच क्षणभर जास्त लागतो, त्याच्या लक्षाची परीक्षा घेताना आपण नकळत त्याच्या इंग्रजीची परीक्षा घेत असतो. यासाठीच मी अशा मुलांना शक्यतो आकृत्यांवर आधारलेली चाचणी देतो. 'टोव्हा' या चाचणीत अक्षरे नसून चौकोनातल्या छोट्या चौकोनाची जागा पाहायची असते. तिच्या पहिल्या निम्म्या भागात लक्ष्य क्वचित येते आणि मूल पेंगुळते, दुसऱ्या निम्म्या भागात लक्ष्य वारंवार येते आणि हात आवरणे कठीण जाते. लक्ष टिकणे आणि हात आवरणे या दोन गोष्टी त्यामुळे थोड्या वेगळ्या काढता येतात.

तेव्हा केंद्राकडून सहा भागांचा स्वतंत्र तक्ता, प्रतिसादाचा सरासरी वेळ आणि त्या वेळांतील चढउतार, एवढे मागून घ्या. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये आजवर सर्वांत सातत्याने आढळलेली गोष्ट चुकांची संख्या नसून प्रतिसादाच्या वेळातला हा अनियमितपणा आहे: एकदा झटकन, एकदा फारच उशिरा, पुन्हा झटकन. आपल्या मुलाचे 'बाकीचे आकडे सर्वसाधारण' आले असतील आणि त्यात हा चढउतारही असेल, तर 'दाट शक्यता' हे शब्द आकड्यांपेक्षा बरेच पुढे गेले आहेत.

ही चाचणी निदान करू शकत नाही, याचे कारण ती वाईट आहे हे नाही. एडीएचडीचे निदान झालेली कित्येक मुले तिच्यात व्यवस्थित गुण मिळवतात, आणि वाचनात अडचण असलेली, चिंतेने ग्रासलेली किंवा रात्री झोप न झालेली मुले तिच्यात नापास होतात. चाचणीची खोली हे एक वेगळेच जग असते: शांतता, नवे यंत्र, एकच मोठे माणूस आणि त्याचे सगळे लक्ष एकट्या मुलाकडे. चाळीस मुलांच्या वर्गात, बाहेर पटांगणावर दुसऱ्या वर्गाचा तास चालू असताना जे घडते ते इथे घडत नाही. याच कारणाने, बुद्धिबळावर तो तासभर बसतो यावरून एडीएचडी नाही असेही ठरत नाही. आवडीच्या, प्रत्येक चालीला लगेच फळ देणाऱ्या खेळात ही मुले उत्तम रमतात. त्यांची परीक्षा नावडत्या, लांबलचक, फळ उशिरा देणाऱ्या कामात होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात पालक आणि शिक्षक यांच्याकडून मिळालेल्या माहितीवरच निदान उभे केले आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२४ मध्ये 'क्यूबी टेस्ट' ही संगणकीय चाचणी सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी वापरण्यास संमती दिली, पण तीही नेहमीच्या तपासणीच्या जोडीला आणि निदानाला मदत म्हणून.

दुसरा प्रश्न आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात हा. इथे उतावळेपणा ही एकच गोष्ट नाही हे समजून घेतल्याशिवाय चाचण्यांची निवड करता येत नाही. सुरू झालेली हालचाल ऐनवेळी थांबवणे वेगळे, पुरता विचार न करता निर्णय घेणे वेगळे आणि मोठ्या फायद्यासाठी वाट पाहणे वेगळे. एकात कच्चे असलेले मूल दुसऱ्यात उत्तम असू शकते.

थांबवण्याची क्षमता मोजण्यासाठी 'स्टॉप सिग्नल' पद्धत आहे. तिचा सैद्धांतिक पाया लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये घातला. मूल डाव्या-उजव्या बाणांना कळ दाबत असते आणि साधारण चारांतल्या एका वेळी, बाण आल्यानंतर क्षणभराने आवाज होतो. तो ऐकू आला की हात थांबवायचा. थांबणे जमले की पुढच्या वेळी आवाज आणखी ५० मिलिसेकंद उशिरा येतो, जमले नाही तर तितकाच लवकर. अशा रीतीने मूल निम्म्या वेळा थांबू शकेल असा बिंदू सापडतो आणि त्यावरून त्याला थांबायला लागणारा वेळ काढता येतो. ही पद्धत सुरेख आहे, पण तिला खूप फेऱ्या लागतात, आणि हुशार मुले आवाजाची वाट पाहत मुद्दाम सावकाश खेळू लागतात. त्यामुळे ती संशोधनाला जितकी मानवते तितकी दवाखान्याला मानवत नाही.

निर्णयातली घाई पाहण्यासाठी जेरोम केगन यांनी १९६० च्या दशकात केलेली 'मॅचिंग फॅमिलिअर फिगर्स' ही चाचणी मला आजही आवडते. वर एक चित्र आणि खाली जवळजवळ तशीच सहा चित्रे असतात. त्यांतले तंतोतंत जुळणारे एकच शोधायचे. पहिले उत्तर द्यायला किती वेळ लागला आणि किती चुकले, या दोहोंची नोंद होते. चटकन आणि चूक हे उतावळे, सावकाश आणि बरोबर हे विचारी, अशी केगन यांची मांडणी होती. तिच्यावर पुष्कळ टीका झाली आणि त्या टीकेत तथ्यही आहे: चटकन आणि बरोबर सांगणारी मुले असतात, तशीच सावकाश पाहूनही चुकणारी असतात, आणि या शेवटच्या मुलांना बहुधा घाई नसून बारकावे दिसत नसतात. शिवाय एकेक चित्र बाद करत जाण्याची रीत शिकवली की गुण सुधारतात. माइकनबॉम आणि गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांना 'आता मला काय करायचे आहे' असे स्वतःशी बोलत काम करायला शिकवले, तेव्हा त्यांच्या चाचणीतल्या कामात फरक पडला, वर्गातल्या वागण्यात मात्र तसा दिसला नाही. चाचणीतला बदल आणि वर्गातला बदल यांत किती अंतर असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वाट पाहण्याच्या चाचण्यांविषयी थोडक्यात सांगतो. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलोचा प्रयोग (समोरची एक गोळी लगेच न खाता थांबले तर दोन मिळतील, असे मुलाला सांगायचे) सर्वांना ठाऊक असतो आणि पालक तो घरी चॉकलेट ठेवून करूनही पाहतात. तो घरी करून पाहू नये. २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी दाखवून दिले की ज्या मुलांना आधी दिलेला शब्द पाळला गेल्याचा अनुभव होता ती सरासरी बारा मिनिटे थांबली, आणि ज्यांना दिलेला शब्द मोडला होता ती तीन मिनिटेच. अविश्वासू मोठ्या माणसासमोर न थांबणे हा उतावळेपणा नाही, शहाणपणा आहे.

आपल्याकडे उपलब्ध असलेल्या साधनांत बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची चाचणीमाला भरवशाची आहे, कारण तिची मानके भारतीय मुलांवर काढलेली आहेत. तिच्यातली रंगखोडणीची चाचणी अगदी साधी दिसते: एका कागदावर लाल, निळी, पिवळी, काळी आणि करडी अशी १५० वर्तुळे, त्यांतली फक्त लाल आणि पिवळी खोडायची. गुण मिळतात वेळेला आणि चुकांना. पण मी पेन्सिलीकडे पाहत असतो. एखादा मुलगा पहिल्या दोन ओळी डावीकडून उजवीकडे शिस्तीत खोडतो, तिसऱ्या ओळीत त्याला खाली कुठेतरी तीन लाल वर्तुळे एकत्र दिसतात, पेन्सिल थेट तिकडे उडी मारते आणि तिथून पुढे कागदभर भटकू लागते. मधली ओळ तशीच कोरी राहते आणि तो 'झालं!' म्हणून कागद पुढे सरकवतो. दुसरा मुलगा शेवटपर्यंत ओळ सोडत नाही, पण प्रत्येक वर्तुळ इतके गडद गिरवतो की वेळ दुप्पट लागतो. पहिल्याला कामाची आखणी टिकवणे जड जाते, दुसऱ्याला चुकण्याची भीती वाटते. अहवालात मात्र दोघांच्याही नावापुढे 'लक्ष सरासरीपेक्षा कमी' एवढेच उमटू शकते. म्हणून चाचणी घेणाऱ्याने निरीक्षणे लिहिली आहेत का, हे अवश्य पाहावे. मुलाने कितव्या मिनिटाला 'अजून किती आहे?' असे विचारले, याची नोंद एखाद्या टी-गुणापेक्षा जास्त सांगून जाते.

बुद्धिमापन चाचणीही करून घ्यावी असे मी सुचवतो, पण तिच्यातून लक्षाचे मोजमाप काढण्यासाठी नव्हे. मुलाच्या आकलनाच्या मानाने वर्गातले काम फार अवघड किंवा फार सोपे आहे का, हे कळणे गरजेचे असते. महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ ठिकाणी नागपूरच्या डॉ. आर्थर मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली 'मिसिक' आणि कामत यांची बिने चाचणी वापरतात. दोन्हींनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले आहे, पण मिसिकची मानके १९६० च्या दशकातली आहेत. जुन्या मानकांवर आजच्या मुलांचे गुण फुगतात. ते गुण शब्दशः घेऊ नयेत. मराठी माध्यमातल्या मुलाला अंक मागे-पुढे म्हणण्याची चाचणी मराठीतच द्यावी, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

निदानाचा खरा आधार मात्र या सर्वांच्या बाहेर आहे. 'डीएसएम-५' या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार दुर्लक्षाची नऊ किंवा अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ, यांपैकी एका गटातली किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ, वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात हवीत. त्यांपैकी काही बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, आणि ती दोन किंवा अधिक ठिकाणी दिसून मुलाच्या कामात अडथळा आणत असली पाहिजेत. आपल्या पत्रात घरची एकही तक्रार नाही. घरी जेवताना, गृहपाठाच्या वेळी, आजोळी, खेळताना नंबर लागायची वाट पाहताना काय होते, हे कोणी विचारले आहे का? सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी भारतात तयार झालेले 'आयएनडीटी-एडीएचडी' हे मुलाखतीचे साधन याच प्रकारे चौकशी करते आणि आपल्या मुलाच्या वयाला ते चपखल बसते. शिक्षिकेची आणि आपली प्रश्नावली जुळली नाही तर कोणी खोटे बोलत आहे असे समजू नये. दोन ठिकाणच्या मागण्याच वेगळ्या असतात.

मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला आहे, हेही पाहा. एकाच वर्गातल्या मुलांच्या वयात जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचे लेबल जास्त वेळा लागते, असे अनेक देशांत आढळले आहे. शिक्षक तुलना वर्गाशी करतात, वयाशी नाही.

जमल्यास समुपदेशकाने वर्गात मागे बसून निरीक्षण करावे. दर पंधरा सेकंदांनी मूल कामात आहे की नाही याची खूण करायची, आणि ठरावीक अंतराने त्याच वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाची खूण करायची. गणिताच्या तासाला वीस मिनिटे असे केले की पुष्कळदा असे दिसते की त्या तासाला निम्मा वर्गच भरकटलेला असतो. तसे दिसले तर प्रश्न तुमच्या मुलापुरता उरत नाही.

या सगळ्याच्या आधी काही साध्या गोष्टींची खात्री व्हायला हवी. कान आणि डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे अर्धेच उतरवणाऱ्या मुलाला फळा नीट दिसतो का, हा पहिला प्रश्न असायला हवा. तो घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, सकाळी उठताना थकलेला असतो का, हे पाहा. वाढलेल्या ॲडेनॉइडमुळे (नाकामागच्या ग्रंथीमुळे) झोप मोडणारी मुले दिवसा पेंगण्याऐवजी चेकाळतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासावे. मधेच काही सेकंद शून्यात पाहून पुन्हा भानावर येत असेल, तर तो 'ॲबसेन्स' प्रकारच्या फेफऱ्याचा झटका असू शकतो आणि त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, लागतो. आणि मराठी वाचन तोंडी, माझ्यासमोर, त्याच्याच पाठ्यपुस्तकातले करून घेतल्याशिवाय मी कोणत्याही तिसरीतल्या मुलाविषयी लक्षाबाबतचे मत देत नाही. अक्षर-जोडाक्षरांत अडणारे मूल वाचन टाळण्यासाठी जागेवरून उठते, आणि बाहेरून ते चंचलच दिसते.

औषधाबद्दल सांगायचे, तर सहा वर्षांवरील मुलांत निदान पक्के झाल्यावर मिथाइलफेनिडेटसारखी औषधे वर्तनोपचार आणि शाळेतली मदत यांच्या जोडीने देणे हा मान्य उपचार आहे आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. पण ते या अहवालावर सुरू करू नये. तो निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ यांनी, वरची माहिती हाती आल्यावर घ्यायचा आहे. शाळेने किंवा चाचणी केंद्राने नाही.

त्यांच्याकडे जाताना अहवालाची सगळी पाने, दोन वर्षांचे प्रगतिपुस्तक आणि वर्गातल्या तीन-चार वह्या बरोबर न्या. संगणकावरची तीच चाचणी महिन्याभरात पुन्हा करून घेऊ नका. ती पुन्हा करण्याची वेळ आलीच, तर सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर, त्या दिवसातले पहिले काम म्हणून ती द्यावी, सूचना मराठीत द्याव्यात, सरावाच्या फेरीत मुलाला नियम समजला आहे याची खात्री करावी, आणि तो सर्दी-खोकल्याचे पेंग आणणारे औषध घेत असेल तर ती सरळ पुढे ढकलावी.